पुणे–दिल्ली, 19 मे 2023: मळीवर उडालेल्या विमानाचा शेतापासूनचा हिशेब

19 मे 2023 रोजी एअर एशिया इंडियाचं आय-5 767 हे विमान लोहगावहून निघून दिल्लीत उतरलं. मार्ग नेहमीचा, आत बसलेले प्रवासी तिकीट काढून आलेले. वेगळं होतं ते टाकीत. एटीएफमध्ये, म्हणजे विमानाच्या नेहमीच्या इंधनात, पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेलं जैवइंधन मिसळलं होतं, ते इंडियन ऑइलने पुरवलं होतं आणि त्याचा कच्चा माल होता उसाची मळी, म्हणजे साखर काढून उरणारा काळा पाक. दिल्ली विमानतळावर पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी स्वागताला हजर होते. देशी मालापासून बनवलेल्या इंधनावर प्रवासी घेऊन झालेलं हे देशातलं पहिलं व्यावसायिक उड्डाण. त्याआधी 27 ऑगस्ट 2018 रोजी स्पाइसजेटचं एक छोटं विमान डेहराडूनहून दिल्लीला आलं होतं. त्यात जट्रोफाच्या तेलापासून बनवलेलं 25 टक्के इंधन होतं. पण ती चाचणी होती, आत मोजकी माणसं.

ही बातमी मी दोनदा वाचली. मळी हा शब्द विमानाच्या बातमीत येईल असं कधी वाटलं नव्हतं. भीमा खोऱ्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, जिथे मळीपासून अल्कोहोल काढतात, मी अकरा वर्षं केमिस्ट होतो. पहाटेच्या पाळीला मळीच्या टाकीवर चढून पातळी मोजायची, नमुन्याची बाटली भरायची, बोटं चिकट झालेली तशीच पॅन्टला पुसायची. थंडीत मळी इतकी घट्ट होते की नळातून धार पडत नाही, दोरी उतरते. काळी, जळक्या गुळाच्या वासाची. त्या मळीचं विमानाचं इंधन झालं याचा मला मनापासून अभिमान वाटला, आजही वाटतो. आणि म्हणूनच त्या उड्डाणाने नेमकं काय सिद्ध केलं आणि काय व्हायचं राहिलं, हे नीट मांडावंसं वाटलं.

सिद्ध काय झालं ते आधी सांगतो. हे इंधन विमानात चालतं. ही लहान गोष्ट नाही. विमानाच्या इंधनाला एएसटीएम डी-7566 हे कडक मानक आहे, आणि अल्कोहोलपासून बनवलेल्या इंधनाला त्यात 50 टक्क्यांपर्यंत मिश्रणाची परवानगी आहे. निम्म्यावर का थांबायचं? खनिज इंधनात अरोमॅटिक नावाची संयुगं असतात, त्यांनी इंधनवाहिन्यांतली रबरी सीलं फुगलेली राहतात. अल्कोहोलपासूनच्या इंधनात ती जवळजवळ नसतात. सील आक्रसलं की गळती. तेवढी काळजी घेतली तर इंजिनात एक स्क्रूही बदलावा लागत नाही. टँकर तोच, पंप तोच, वैमानिकाला फरक कळतही नाही.

त्या दिवशीच्या मिश्रणातला जैवइंधनाचा वाटा मात्र अगदी लहान होता. नेमका केवढा यापेक्षा एक टक्का म्हणजे शेताच्या भाषेत किती, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

एक ट्रॉली ऊस

ए-320 जातीचं विमान तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळतं. पुणे–दिल्ली दोन तास धरले तर पाच टनांच्या आसपास, म्हणजे ढोबळमानाने 6,000 लिटर. एक किलो इंधन जळलं की 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा एका खेपेचा झाला साधारण 15 टन. 180 खुर्च्यांवर वाटला तर खुर्चीमागे 80-85 किलो, एकेरी. प्रवास दोन्ही बाजूंचा असतो.

आता मळीकडून येऊ. एक टन ऊस गाळला की 40 ते 45 किलो सी-मळी मिळते. साखर काढून काढून शेवटी जी उरते आणि जिच्यातून आणखी साखर काढणं परवडत नाही, ती ही. सी-मळीच्या टनाला 220 लिटरच्या आसपास अल्कोहोल बसतं. म्हणजे एक टन उसामागे मळीतून जेमतेम 10 लिटर.

या 10 लिटरचं विमानाचं इंधन किती? अल्कोहोलमधलं पाणी रासायनिक रीतीने काढून टाकलं की इथिलीन वायू उरतो. त्याचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, त्यांना हायड्रोजन द्यायचा आणि ऊर्ध्वपातन करून विमानाला हवा तो भाग वेगळा काढायचा. 92 ग्रॅम इथेनॉलमधून, म्हणजे याच अल्कोहोलमधून, जास्तीत जास्त 56 ग्रॅम इथिलीन मिळतं, त्याहून जास्त नाही. आयसोब्युटेनॉल या दुसऱ्या अल्कोहोलच्या मार्गाने गेलात तरी साखरेच्या 180 ग्रॅममागे शेवटी तेच 56 ग्रॅम पदरात पडतात, बाकीचे 124 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जातात. हा रसायनशास्त्राचा उतारा आहे. कितीही चांगला प्लँट उभारला तरी वाढत नाही. प्रत्यक्षात घटतो, कारण सगळा माल विमानाच्या दर्जाचा होत नाही, थोडं डिझेल आणि थोडा नाफ्थाही निघतो. तेव्हा 10 लिटर अल्कोहोलचं 6 लिटर जेट इंधन, हा झाला सगळ्यात उदार हिशेब.

एक टक्का मिश्रणाला 60 लिटर लागतील. ते झाले दहा टन उसाच्या मळीचे. ट्रॅक्टरमागची एक भरलेली ट्रॉली! कारखान्याच्या गव्हाणीवर रांगेत उभ्या असलेल्या शंभर-दीडशे गाड्यांतली एक. तिची साखर निघाली, तिच्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, बॉयलर चालला, आणि तिच्या मळीने एका विमानाच्या एका खेपेतला शंभरावा भाग भरला. मला हे चित्र फार आवडतं, आणि यात कुठे लबाडीही नाही. त्या ट्रॉलीला पाणी साखरेसाठी दिलेलं होतं. मळी नाहीतरी निघणारच होती.

पूर्ण खेप मळीवर करायची म्हटलं तर ऊस लागेल 1,000 टन. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याचं हे पाच तासांचं गाळप. एकरी 32 टनांच्या सरासरीने तीस-एकतीस एकरांवरचा ऊस. त्यातून शंभर टनांच्या वर साखरही निघेल. म्हणजे मळीचं इंधन म्हणजे साखरेच्या पाठीवर बसून आलेलं इंधन. साखर जेवढी, तेवढीच मळी.

अडचण इथेच सुरू होते. मळी मोजकी आहे, आणि तिच्यावर डोळा ठेवणारे पुष्कळ आहेत.

रसाच्या वाटेने गेलं की

2018 च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (जिच्यात काही साखर शिल्लक ठेवतात ती) आणि थेट उसाचा रस यांपासून इथेनॉल करायला वाट मोकळी झाली. एक टन उसाच्या रसातून थेट अल्कोहोल केलं तर 70 लिटर मिळतं. सी-मळीच्या सातपट. कोणाही डिस्टिलरीवाल्याला हा आकडा सुखावणाराच. विमानाच्या इंधनाची मोठी स्वप्नं याच आकड्यावर उभी असतात.

तेव्हा तोही हिशेब मांडला. 70 लिटर अल्कोहोलचं 42 लिटर जेट इंधन. 6,000 लिटरला ऊस लागेल 143 टन, म्हणजे साडेचार एकर. पुणे–दिल्लीच्या एका खेपेसाठी साडेचार एकर ऊस वर्षभर उभा.

उसाला हंगामात दोन मीटर पाणी लागतं असं धरू. दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या आडसाली उसाला याहून जास्त, पाटाने मोकळं सोडलं तर त्याहूनही जास्त. एका एकरावर दोन मीटर म्हणजे 80 लाख लिटर. साडेचार एकरांवर 3 कोटी 60 लाख लिटर. 180 खुर्च्यांना भागलं तर खुर्चीमागे दोन लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा, असे वीस टँकर दिल्लीच्या एका तिकिटाला. यातलं काही पाणी पावसाचं असतं, हे खरं. पण दौंड, इंदापूर, करमाळ्याकडे वर्षाचा पाऊसच 500 मिलिमीटरच्या आसपास. राहिलेलं तीन चतुर्थांश धरणातून, कालव्यातून, विहिरीतून, बोअरमधून उपसायचं. कृषी खर्च व मूल्य आयोगाने पूर्वीच नोंदवून ठेवलंय की राज्यात लागवडीच्या चार टक्क्यांच्या आसपास जमीन उसाखाली आहे आणि ती सिंचनाचं 70 टक्क्यांच्या जवळपास पाणी घेते.

विमानाचा पर्यावरणावरचा भार म्हटलं की आपण कार्बनच मोजतो. पाणी त्या कोष्टकात बसत नाही म्हणून गळतं. माझ्या मते महाराष्ट्रात तरी या इंधनाचा पहिला रकाना पाण्याचाच हवा.

कार्बनचा रकानाही वाटतो तितका रिकामा राहत नाही. जैवइंधन जळल्यावर विमानाच्या मागून निघणारा कार्बन डायऑक्साइड खनिज इंधनाएवढाच असतो. फायदा हा की तो कार्बन उसाने वाढताना हवेतून घेतलेला असतो. म्हणजे बचत आकाशात होत नसते, ती शेतात झालेली असते. मग शेतात आणखी काय झालं तेही मोजायला हवं.

पूर्वहंगामी उसाला हेक्टरी 340 किलो नत्राची शिफारस आहे. शेतात टाकलेल्या नत्रातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो असं हवामानबदलाच्या हिशेबात धरतात. एक टक्का क्षुल्लक वाटेल, पण हा वायू वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. गुणाकार केला तर हेक्टरी सुमारे दीड टन, साडेचार एकरांवर अडीच टनांहून जास्त. विमानाचे एकूण होते 15 टन. म्हणजे नुसत्या युरियाच्या वाफेने सहावा भाग परत आणून ठेवला. युरिया बनवायला लागलेला नैसर्गिक वायू अजून धरलेला नाही. विहिरीवरच्या मोटारीची वीज बहुतांशी कोळशाची, तीही धरलेली नाही. आणि शिफारशीवर थांबणारे शेतकरी मला थोडेच भेटले. शेजाऱ्याने दोन पोती जादा टाकली की आपणही टाकतो.

मग पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. तोड झाली की सरीत वीतभर थर पडतो. तो कुजू दिला तर जमिनीला कर्ब मिळतो, ओल टिकते, खोडव्याला, म्हणजे त्याच बुंध्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी कमी लागतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची माणसं किती वर्षं हे घसा कोरडा करून सांगताहेत. तरी मार्चच्या संध्याकाळी सोलापूर रस्त्याने गेलात तर दोन्ही बाजूंना फडांत जाळ दिसतो, कारण पेटवलेल्या रानात पाणी धरायला सोपं जातं आणि कुट्टीला मजूर मिळत नाहीत. जाळलेल्या फडाची मळी आणि पाचट ठेवलेल्या फडाची मळी कारखान्याच्या टाकीत एकच होते. मी अकरा वर्षं त्या टाकीवर चढलो, मला ती वेगळी कधी ओळखता आली नाही.

2023 सालच्या चार तारखा

हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्या वर्षामुळे. मे महिन्यात विमान उडालं. जून उलटला तरी पाऊस धड लागला नाही, ऑगस्ट सबंध कोरडा गेला. 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुणे जिल्ह्यातले दौंड, इंदापूर, बारामती, पुरंदर, शिरूर त्यात होते. यातला बराचसा भाग उसाचा पट्टा.

नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या जैवइंधन समन्वय समितीने विमान इंधनाचं उद्दिष्ट ठरवलं: आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 पासून 1 टक्का, 2028 पासून 2 टक्के. पुढे त्यात 2030 साठी 5 टक्क्यांची भर पडली.

आणि 7 डिसेंबरला, म्हणजे उद्दिष्टानंतर पंधरवड्याच्या आतबाहेर, केंद्राचाच आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल बनवणं थांबवा. साखर कमी पडेल ही भीती होती. आठवडाभराने मर्यादा घालून थोडी मोकळीक दिली. पुरती बंदी उठायला 2024 चा ऑगस्ट उजाडला.

कारखान्यांची त्या डिसेंबरात काय अवस्था झाली ते मी जवळून पाहिलं. कर्ज काढून रसावर चालणारे नवे प्लँट उभे केलेले, हप्ते सुरू झालेले, आणि ऐन गाळपात कच्चा माल बंद. मला सरकारचा निर्णय चूक वाटला नाही. खाण्याची साखर आधी, हे कोणीही म्हणेल. पण ज्या इंधनाचा कच्चा माल एका पावसाळ्याच्या लहरीवर बंद होऊ शकतो, त्याच्या भरवशावर विमान कंपन्यांशी दहा वर्षांचे करार कसे होणार?

त्यात सी-मळीला धक्का लागला नव्हता, हे लक्षात घ्या. टाकाऊ मालाचं इंधन दुष्काळातही टिकलं. वर्ष वाईट असलं तरी ऊस जेवढा गाळला तेवढी मळी निघालीच. माझं मत याच घटनेने पक्कं झालं: उसापासून विमानाचं इंधन करायचं तर शेवटच्या मळीपासून करा, उरलेल्या बगॅसपासून करा, नको असलेल्या पाचटापासून करा. ते नवं पाणी मागत नाही. रसापासून करू नका, आणि त्याच्यासाठी एक गुंठाही नवा ऊस लावू नका.

युरोपने हे नियमातच घातलंय. तिथल्या विमानतळांवर 2025 पासून 2 टक्के आणि 2030 पासून 6 टक्के हरित इंधन सक्तीचं आहे, पण अन्नधान्याच्या आणि चाऱ्याच्या पिकांपासून बनवलेलं इंधन त्यात मोजत नाहीत. उसाच्या रसाचं इंधन घेऊन उद्या कोणी युरोपच्या दारात गेलं तर ते परत येईल.

अल्कोहोल कोणाचं?

पुरींनी मेमध्येच सांगितलं होतं की एक टक्का मिश्रणाला देशाला वर्षाला 14 कोटी लिटर हरित इंधन लागेल आणि पाच टक्क्यांना 70 कोटी. वरच्या उताऱ्याने 70 कोटी लिटरला किमान 117 कोटी लिटर अल्कोहोल हवं. पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळायला आज देश वर्षाला हजार कोटी लिटरच्या घरात इथेनॉल वापरतो. म्हणजे विमानांची पाच टक्क्यांची गरज ही पेट्रोलमध्ये जाणाऱ्या इथेनॉलच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढी.

मग नवं पीक कशाला, जे आहे त्यातलंच वळवा, असं मला वाटतं. स्कूटर आणि मोटारीला दुसरी सोय आहे. पुण्याच्या रस्त्यांवर विजेच्या दुचाकी किती झाल्यात ते सिग्नलला थांबल्यावर दिसतं. विमानाला ती सोय नाही. एक किलो जेट इंधनात बारा युनिटांच्या आसपास ऊर्जा असते, एक किलो चांगल्या बॅटरीत पाव युनिट. तेवढ्या ऊर्जेची बॅटरी लादली तर विमान धावपट्टी सोडणार नाही. ज्याला पर्याय नाही त्याला हा मोजका माल आधी मिळावा. आज उलटं चाललंय, कारण पेट्रोलमध्ये मिसळायला फक्त अल्कोहोल लागतं आणि विमानासाठी त्यावर आणखी एक महागडा कारखाना लागतो. हरित इंधन साध्या एटीएफच्या दुपटीहून महाग पडतं. जगभरातच हे घोडं अडलंय: 2024 साली साऱ्या जगातल्या विमान इंधनात त्याचा वाटा होता 0.3 टक्के.

इतर वाटाही आहेत, त्या थोडक्यात. ए-320 ची नवी निओ आवृत्ती जुनीपेक्षा 15 ते 20 टक्के इंधन कमी खाते. मळीच्या कोणत्याही मिश्रणापेक्षा आज हा फायदा मोठा आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासूनचं इंधन पाणी मागत नाही. इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला त्यासाठी 2025 साली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. पण तळणाचं तेलही मोजकंच. आणि न केलेला प्रवास. झेलम एक्स्प्रेसने दिल्ली गाठायला एक दिवसाहून जास्त लागतो, दुरांतोला वीस तासांच्या आसपास. तेव्हा दोन तासांच्या विमानाऐवजी सगळ्यांनी रेल्वेने जावं असं मी म्हणणार नाही. आजारी आईला भेटायला निघालेल्या माणसाला कोणी हिशेब विचारू नये. पण एका तासाच्या बैठकीसाठी सकाळी जाऊन रात्री परतणारे किती असतात, ते पहाटेच्या विमानात बसलं की कळतं. त्यातली निम्मी माणसं पडद्यावर बोलून भागवू शकतील. दोन्ही बाजूंचे मिळून माणशी 160-170 किलो वाचले, तेही आजच्या आज, कुठलाही प्लँट न उभारता.

एक गोष्ट कार्बनच्या बाहेरची. विमानामागे आकाशात उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा जमिनीची उष्णता अडवतात. विमान वाहतुकीचा तापमानवाढीवरचा परिणाम नुसत्या कार्बनपुरता नाही, निम्म्याहून जास्त भाग अशा गोष्टींचा आहे. नासा आणि जर्मनीच्या डीएलआर संस्थेने विमानामागे विमान उडवून मोजमाप केलं, तेव्हा कमी अरोमॅटिक असलेल्या मिश्रणाने काजळी आणि बर्फकण 50 ते 70 टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे जे अरोमॅटिक नसल्याने सीलं आक्रसतात, तेच नसल्याने आकाश स्वच्छ राहतं. पण त्यासाठी मिश्रण भरघोस हवं. टक्काभराने रेघ पुसली जात नाही.

मागे काय उरतं

डिस्टिलरीत काढलेल्या वर्षांमुळे एक गोष्ट मला टाळता येणार नाही. एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे आठ ते बारा लिटर स्पेंटवॉश उरतो. गरम, तांबूसकाळा, आंबूस. विमानाच्या एका लिटरमागे तो झाला पंधरा-वीस लिटर. आता नियम कडक आहेत: स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळायचा, आवाराबाहेर थेंब सोडायचा नाही. चांगले कारखाने हे करतात, आणि त्या राखेतलं पालाश परत शेतात जातं. मी होतो तिथे सुरुवातीची काही वर्षं असं नव्हतं. पावसाळ्यात स्पेंटवॉश साठवायचे लगून, म्हणजे उघडे तलाव, भरून वाहायचे आणि खालचा ओढा काळा व्हायचा. एका वर्षी नागपंचमीच्या सुमारास ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी घागरीत घेऊन एक बाई थेट प्रयोगशाळेच्या दारात आल्या. काही बोलल्या नाहीत. घागर ठेवली आणि गेल्या. मी ते पाणी तपासलं, रजिस्टरमध्ये नोंद केली, वर कळवलं. दुसरं काही करण्याची माझी पायरी नव्हती असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, करायला हवं होतं.

म्हणून विमानावर हिरवं पान रंगवण्याआधी त्या इंधनाची डिस्टिलरी कशी चालते ते कोणीतरी जाऊन पाहावं, असा माझा आग्रह आहे. आणि हे आता होऊ लागलंय. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी कोर्सिया नावाची व्यवस्था आहे, भारताला ती 2027 पासून लागू होतेय. त्यात खनिज इंधनाचा आयुष्यभराचा भार दर मेगाज्यूल ऊर्जेमागे 89 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरलाय. तुमचं इंधन त्याच्या किमान दहा टक्के खाली आहे हे दाखवावं लागतं, तेही शेतापासून टाकीपर्यंत. उसाच्या इंधनासाठी त्यात तयार आकडे आहेत, पण ते मुख्यतः ब्राझीलच्या उसावर बेतलेले. तिथला बराच ऊस पावसावर येतो. आपल्या पाटाच्या, मोटारीच्या, युरियाच्या उसाचे आकडे आपल्यालाच मोजून द्यावे लागणार.

गेल्या हंगामात ओळखीच्या एका कारखान्यात अशाच प्रमाणपत्राची पूर्वतयारी चालली होती. जुना माणूस म्हणून मला बोलावलं होतं. तपासायला आलेल्या तरुणीने शेती विभागाकडून गटवार नकाशे मागितले: कोणत्या गटात ठिबक, कुठे पाट, पाचट कुठे ठेवलं, कुठे जाळलं, नत्र किती. शेतकी अधिकाऱ्याने लागणीचं रजिस्टर पुढे केलं. त्यात जात होती, लागणीची तारीख होती, अंदाजे टनेज होतं. बाकीचे रकानेच नव्हते. ती म्हणाली, मग हे भरायला लागेल, सर. त्या दिवशी संध्याकाळी चिटबॉयसोबत, म्हणजे कारखान्याच्या गावातल्या शेतकी कर्मचाऱ्यासोबत, आम्ही तिघे एका फडावर गेलो. मालक आमच्याच भावकीतले, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बांधावर बसून तिने सगळं समजावलं: मळी, अल्कोहोल, विमान, पाचट. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खोडव्यात पाचट तसंच ठेवलं होतं, मधल्या सरीतून ओल दिसत होती.

"म्हणजे माझ्या उसाचं विमान उडतंय म्हणायचं," तात्या म्हणाले. "चांगलं आहे. आता मी पाचट ठेवलं, ठिबक केलं, युरिया कमी टाकला. पलीकडच्यानं पेटवलं. टनाला मला जास्त काय मिळणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरते, पाचट ठेवल्याचा किंवा पाणी वाचवल्याचा त्यात रुपया नाही. मी तात्यांना तेच सांगितलं. तिने वहीत त्यांचा गट क्रमांक लिहिला, पुढे पाचट आणि ठिबक असे दोन नवे रकाने हाताने आखले आणि दोन्हींत बरोबरची खूण केली. तिसरा रकाना तिने आखला, पण त्यावर काही लिहिलं नाही.